एका फायलीला एक प्रश्न

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला वळसा घातला की एक लांबुळकी खोली लागायची. दारावर पाटी होती, ‘अभिलेख कक्ष’. ती पाटी वाचून आजवर कुणी आत आल्याचं ऐकिवात नाही. सगळे एकच विचारत यायचे, “रेकॉर्डवाल्या मावशी कुठं बसतात?” मावशी तिथंच बसायच्या, बावीस वर्षं, खिडकीकडे पाठ करून. ऊन आपल्या पाठीवर पडलं तरी चालेल, पण कागदावर पडलेलं त्यांना खपत नसे.

खोलीत छताला टेकलेले लोखंडी रॅक होते आणि रॅकवर सबंध गावाची दुखणी होती. कुणाचं कुठलं हाड कुठल्या साली मोडलं, हे त्या माणसापेक्षा मावशींना जास्त पक्कं ठाऊक असे. कागद हातात आला की त्या तो मधोमध दुमडायच्या, घडीवर नखानं खूण करायच्या, डाव्या कडेला पंच मारायच्या, टॅग ओवायच्या आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं नंबर घालायच्या. हे सगळं बोलता बोलता व्हायचं, त्यांच्या नकळत. घरी विजेचं बिल आलं तरी त्याला दोन भोकं पडल्याशिवाय ते भरलं जात नसे. नवरा म्हणायचा, “लग्नाचा फोटो काचेत आहे म्हणून वाचला.”

नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस अबोल, पण बोलला की नेमकं बोलणारा. त्यांना एकच मुलगी. लहानपणी स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत चालायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

तर ही मुंगी नववीत असताना एका मंगळवारी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, “आई, मी डॉक्टर होणार.”

“हो की,” मावशी म्हणाल्या. “कशी होणार?”

“ते मला काय माहीत? तू असतेस ना हॉस्पिटलात!”

आता आली का पंचाईत! मावशींना रात्रभर राहून राहून नवल वाटलं. इतकी वर्षं डॉक्टरांच्या गराड्यात काढली, पण डॉक्टर होतो कसा, हे आपल्याला काडीचंही ठाऊक नाही. त्यांच्या दारात डॉक्टर यायचे ते तयार होऊनच यायचे, पांढरा कोट घालून आणि घाईत. त्याआधी ते काय करत होते, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. आणि घराण्यात तर विचारावं असं कुणी नव्हतं. दोन्हीकडून मिळून सर्वात शिकलेल्या म्हणजे मावशीच, आणि त्या बारावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरा केसपेपर घेतला आणि भरला. नाव: मुंगी. वय: चौदा. तक्रार: डॉक्टर व्हायचं आहे. कधीपासून: कालपासून. खाली ‘उपचार’ असा रकाना असतो, तो मोकळा ठेवला. मग त्यांनी दाराशी नवा कायदा लागू केला. एका फायलीला एक प्रश्न. जुनी फाइल हवी असेल तर हवा तो डॉक्टर येवो, आधी मावशींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि ते स्वतःच्या हातानं केसपेपरवर लिहायचं.

पहिला सापडला एक शिकाऊ डॉक्टर. त्याला वाटलं, मावशी थट्टा करतायत. मावशींनी फाइल छातीशी धरली. “वर पेशंट थांबलाय हो!” तो म्हणाला. “मग लवकर सांगा,” मावशी म्हणाल्या. “अकरावीला कुठले विषय घ्यायचे?” त्यानं बिचाऱ्यानं उभ्या उभ्या लिहून दिलं: भौतिक, रसायन, जीवशास्त्र. जीवशास्त्र सोडायचं नाही. सोडलंत की दार बंद. ही साधी गोष्टसुद्धा मावशींना ठाऊक नव्हती. त्या दिवशी तो आला नसता तर, या विचारानं त्यांना पुढं कितीतरी वर्षं धस्स व्हायचं.

शस्त्रक्रियेचे मोठे सर आले, तर त्यांनाही सुट्टी नाही. “वर्षं किती लागतात, सर?” सर बोटं मोजायला लागले. बारावीपर्यंत ही एवढी, मग साडेचार, मग शिकाऊ म्हणून एक, मग पुढची तीन, मग... एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपत आली. “माझं अजून चालूच आहे,” असं म्हणून सरांनी तेच लिहिलं आणि खाली सही ठोकली.

वर्षभरात केसपेपरला जोडपानं लागली. बालरोगवाल्या बाईंनी लिहिलं, पोरीला झोपू द्या. भूलवाल्यांनी लिहिलं, शाळा सोडून खासगी क्लासला घाला. त्यांच्याखालीच कान-नाक-घशानं लिहिलं, क्लासला मुळीच घालू नका. एक ना धड भाराभर चिंध्या! त्यातून अक्षर असं, की औषधाच्या दुकानदारानंही हात टेकावेत. मुंगी कागद उलटासुलटा करून बघायची आणि रडकुंडीला यायची. पण मावशींची हयात ती अक्षरं वाचण्यात गेली होती. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि जिथं तीन माणसांचं एकमत होतं तिथंच तेवढी खाली रेघ मारली. तीन गोष्टींवर रेघ पडली. फिजिक्स शेवटावर ढकलू नका. झोप मोडू नका. आणि कागदपत्रं आधीपासून जमवून ठेवा, कारण पोरं मार्कांपेक्षा कागदांत जास्त अडकतात.

तिसरी ओळ वाचून मावशींची छाती फुगली. फिजिक्सचं त्यांना काही कळत नव्हतं, झोपेचं मुंगीच्या हातात होतं, पण कागद? ते खातं तर त्यांचंच! त्याच दिवशी मुंगीची फाइल उघडली गेली. जन्माचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जसजसे कागद येत गेले तसतसे दुमडून, टॅग ओवून, लाल नंबर पडून आत बसत गेले.

फिजिक्सची गाठ सुटली ती हाडांच्या वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरमुळे. त्याला मुंगी दादा म्हणायची. उंच, वाकून चालणारा, सदा भुकेला. त्याला आठवड्याला वीस-वीस फायली लागत. मावशींनी हिशेब घातला, की वीस प्रश्न विचारण्यापेक्षा यालाच पोरीला शिकवायला बसवावं. शनिवारी दुपारी ओपीडी संपली की तो डबा घेऊन खाली यायचा. रॅकला लावलेली शिडी कुठल्या कोनात ठेवली की घसरते, हे त्यानं मुंगीला शिडीवर चढवूनच शिकवलं. दोन पायऱ्या घसरून ती बुडावर आदळली, पण तो धडा पुन्हा कधी विसरली नाही. दोन वर्षं त्यानं एक शनिवार चुकवला नाही. मावशी त्याला एकदा म्हणाल्या, “डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू?” तो खात खात म्हणाला, “मला एक ताई घरी येऊन शिकवायची. ती पण माझी कुणी नव्हती.”

इतकं सगळं करूनही पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत मुंगी थोडक्यात हुकली. बारावीला उत्तम मार्क आणि यादीत मात्र नाव नाही. तीन दिवस तिनं पुस्तकांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, “आई, बंद कर तो केसपेपर.”

मावशींनी बंद केला नाही. नेमकी त्याच आठवड्यात एक शिकाऊ डॉक्टरीण फाइल मागायला आली. मावशींनी प्रश्न विचारला. “पोरगी एकदा पडली तर?” तिनं एकदा मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसली आणि लिहिलं: ‘औषध तेच. डोस वाढवा. मी स्वतः तिसऱ्या खेपेला आले.’ त्या दिवशी संध्याकाळी तो कागद मुंगीनं दोनदा वाचला. अक्षर सुवाच्य होतं, हेही त्या मुलीचे उपकारच. दुसऱ्या सकाळी ती पुस्तकं काढून बसली.

दुसऱ्या वर्षी यादी लागली आणि यादीच्या शेपटाला का होईना, मुंगीचं नाव आलं. आपल्याच गावातलं कॉलेज. मावशी जिना चढून वर गेल्या. तीन मजले, प्रत्येक वॉर्डात शिरून त्यांनी बातमी सांगितली. ज्यांनी केसपेपरवर लिहिलं होतं त्यांनाही आणि ज्यांनी नव्हतं लिहिलं त्यांनाही.

आता राहिली होती फक्त कागदांची पडताळणी. मावशी इस्त्रीची साडी नेसून, फाइल काखेत मारून अशा निघाल्या, जसं काही परीक्षा त्यांचीच होती.

कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. त्यांच्या टेबलावरच्या कारकुनानं फाइल उघडली आणि तो खूश झाला. “वा! सकाळपासून इतकी नीट फाइल एक आली नाही.” मावशींनी मुंगीकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ, उगीच नाही बावीस वर्षं काढली. कारकुनानं टॅग सोडला, एकेक कागद काढून बाजूला ठेवला. बारावीच्या गुणपत्रिकेशी येऊन त्याचा हात थांबला.

“मावशी, हे काय?”

इतर कागदांवर भोकं कोऱ्या समासात पडली होती. पण बारावीच्या गुणपत्रिकेचा अनुक्रमांक डाव्या कडेलाच, उभा छापलेला होता. वरचं भोक नेमकं त्याच्यातून गेलं होतं. मधले दोन आकडे गायब. आणि मंडळाच्या चकचकीत शिक्क्यावर लाल शाईत, सुंदर वळणदार अक्षरात मावशींचा स्वतःचा नंबर.

“ही मूळ प्रत आहे?” त्यानं विचारलं.

“मूळच आहे,” मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग प्रवेशाच्या अधिकारी बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी कागद उजेडात धरला, आडवा धरला, उसासा सोडला. “नंबरच पुरा नाही, तर मी ही कुणाची म्हणून घेऊ? मंडळाकडून दुसरी प्रत आणा. उद्या पाच वाजेपर्यंत मी जागा धरून ठेवते. पाचनंतर पुढच्या नावाला द्यावी लागेल. ती मुलगी बाहेरच बसली आहे.”

बाहेर पडताना मावशींनी त्या मुलीकडे पाहिलं. ती मुंगीएवढीच होती आणि मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. तिच्या फायलीला एकही भोक नव्हतं.

घरी आल्यावर मावशी भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, “पाच वर्षं पोरीनं रक्ताचं पाणी केलं आणि मी एका दाबात घालवलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला शिव्या तरी दिल्या असत्या.”

नवरा दुकानातून आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गुणपत्रिका हातात घेतली, भोकातून एकदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, “मी जन्मभर भोकं बुजवतोय आणि घरचंच माणूस पाडत बसलंय!”

मुंगी आधी रडत होती, ती रडता रडता हसायला लागली. हसणं ओसरलं तशी डोळे पुसून म्हणाली, “आई, मंडळात पण रेकॉर्ड रूम असेलच ना?”

“असणारच की,” मावशी म्हणाल्या.

“मग तिथं तुझ्यासारखंच कुणीतरी बसत असेल.”

पोरीनं एका शब्दानं दोष दिला नाही. मावशी पुढं कुणालाही ही गोष्ट सांगताना इथं आल्या की थांबायच्या आणि म्हणायच्या, “मी तिच्या जागी असते तर आईला फाडून खाल्लं असतं.”

मंडळाचं ऑफिस दुसऱ्या गावाला, बसनं दोन तासांवर. मायलेकी पहाटेच्या पहिल्या बसनं निघाल्या आणि दार उघडायच्या आधी दाराशी उभ्या राहिल्या. पुढच्या खिडकीतल्या माणसानं मानही वर केली नाही. “दुय्यम प्रत? अर्ज, प्रतिज्ञापत्र, पंधरा दिवस.” मावशींनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, “रेकॉर्ड कुठं?” त्यानं अंगठा जमिनीकडे केला.

तळमजल्याला लांबुळकी खोली होती. छताला टेकलेले रॅक होते. खिडकीकडे पाठ करून एक म्हातारासा माणूस बसला होता, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मावशींना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी गुणपत्रिका पुढं ठेवली.

त्यानं चष्मा चढवला. गुणपत्रिका उचलून मधोमध दुमडून पाहिली, दोन्ही भोकं एकमेकांवर तंतोतंत बसली.

“रेकॉर्डला आहात?”

“बावीस वर्षं. हॉस्पिटलात.”

“वाटलंच,” तो म्हणाला. “जागा चुकलीय, पण माप नाही चुकलं.”

मग मावशींना राहवलं नाही. आजची पाचची मुदत, पुढची मुलगी, पाच वर्षं, सगळं एका दमात सांगून झालं. म्हाताऱ्या रेकॉर्डबाबांनी मान डोलवली. “वरच्यानं पंधरा दिवस सांगितलं असेल. ते हरवलेल्याचं. तुमचं हरवलेलं नाही, खराब झालंय. खराब मूळ प्रत जमा केली आणि रजिस्टराशी नोंद जुळली, तर नवी त्याच दिवशी देता येते. नियम आहे. पण विचारतो कोण?”

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. गेल्याच आठवड्यात खोलीला रंग दिला होता आणि त्या सालाची रजिस्टरं दीडशे गठ्ठ्यांत कुठंतरी होती. मावशींनी पदर खोचला. मुंगी शिडीवर चढली. रेकॉर्डबाबा गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या वाचायचे, मावशी गाठी सोडायच्या आणि पुन्हा तशाच बांधायच्या, कारण सोडलेला गठ्ठा तसाच टाकणं दोघांनाही जमलं नसतं. साडेबाराला रजिस्टर मिळालं. नोंद होती, नाव होतं, मार्क होते आणि गेलेले दोन आकडेही होते. मावशींनी त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

सही करणारे साहेब मीटिंगमध्ये होते. रेकॉर्डबाबा म्हणाले, “तुम्ही बसा, तुम्हाला शिपाई हाकलेल. मला नाही हाकलणार.” टेबलावरचा डबा न उघडता ते वर गेले आणि साहेबांच्या दाराशी कागद धरून उभे राहिले. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. सव्वादोनला ते जिना उतरून आले ते धापा टाकतच. नवी प्रत त्यांनी मुंगीच्या हातात दिली, मावशींच्या नाही.

“अडीचची बस आहे. पळा!”

मायलेकी पळाल्या. इतक्या पळाल्या की मावशींची चप्पल फाटकाशी निसटली आणि ती उचलायलाही मुंगीलाच मागं यावं लागलं.

पाचला वीस मिनिटं कमी असताना त्या हॉलमध्ये शिरल्या. कारकुनानं दोन्ही बाजू पाहिल्या, आकडे जुळवले, बाईंना दाखवले. बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि मुंगीला म्हणाल्या, “बस खाली, किती घाम आलाय तुला.” बाहेरच्या बाकावरची मुलगी आईबरोबर उठून जात होती. त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत मावशी तिकडंच बघत राहिल्या. पुढं पंधरा दिवसांनी दुसऱ्या कॉलेजच्या यादीत त्या मुलीचं नाव लागलं. मावशींनी ती यादी मुद्दाम जाऊन वाचली होती. त्या दिवशी त्यांना मनापासून हलकं वाटलं.

हॉस्पिटलात चहा झाला. ज्यांनी ज्यांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली होती त्यांना मावशींनी गाठून हात जोडले. मोठे सर ओशाळले. बदलीवर गेलेल्या दादाला फोन झाला. तो पलीकडून ओरडलाच, “शिडी आठवते का म्हणावं!” एवढं सगळं होऊनही मावशींना रात्री अंथरुणावर टोचत राहायचं. एका माणसाचे आभार राहिले होते. पळण्याच्या नादात आपण त्याला साधं ‘येते’ असंही म्हटलं नाही.

शेवटी त्यांनी एक रजा टाकली, पहाटेची बस धरली आणि मंडळाच्या तळमजल्यावर गेल्या. आज तिथं रांग होती. एकाची गुणपत्रिका आगीत गेली होती, एकीची बसमध्ये राहिली होती, एकाच्या बापानं रागानं फाडली होती. मावशी पुढं घुसल्या नाहीत, रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तासानं त्यांचा नंबर आला. रेकॉर्डबाबा खाली मान घालून लिहीत होते.

“काय हरवलं?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“काही नाही,” मावशी म्हणाल्या. “मुलीला प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू झालं. तुम्हाला सांगायला आले.”

पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा काढला. मग ते उठले, बाजूच्या स्टुलावरचा गठ्ठा स्वतः उचलून खाली ठेवला, स्टूल मावशींच्या पुढं सरकवलं आणि मागं उभ्या असलेल्या लोकांना म्हणाले, “पाच मिनिटं थांबा हो सगळे. या बाईंचं काही हरवलेलं नाही.”